पिकअप, बोलेरोचा शाफ्ट घरीच कसा तपासायचा? ग्रीस कधी आणि कुठे मारायचं? वाचा सविस्तर

चाळीतला कांदा काढून गाड्या लासलगाव, पिंपळगावच्या मार्केटला निघाल्या की रस्त्याच्या कडेला एखादी पिकअप उभी दिसतेच. खाली शाफ्ट लोंबकळतोय, ड्रायव्हर फोनवर दुसरी गाडी शोधतोय, लिलावाची वेळ निघून चाललीय. दुसरी गाडी बोलवा, माल पलटी करा, मजूर लावा आणि वरून टोइंगचा खर्च. पुष्कळदा हे सगळं एका कोरड्या पडलेल्या क्रॉसमुळे होतं.

शाफ्ट एकदम तुटत नाही. तो कित्येक दिवस आधी आवाज देतो. हा आवाज ओळखता आला आणि ठरल्या वेळी ग्रीस मारलं तर हा खर्च बहुतेक वेळा टळतो. त्यासाठी गॅरेजलाच जायला पाहिजे असं नाही. ग्रीस गन, टॉर्च आणि अर्धा तास वेळ असला की आपल्या अंगणात हे काम होतं. कोणतं काम घरी करायचं, कोणतं मिस्त्रीकडेच न्यायचं, याची ही माहिती.

शाफ्ट म्हणजे नेमकं काय?

बोलेरो, स्कॉर्पिओ, बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, ४०७, क्रूझर, ईको या गाड्यांची मागची चाकं ओढतात. इंजिन आणि गिअर बॉक्स पुढे असतो, मागे दोन चाकांच्या मध्ये हौसिंग असतं. गिअर बॉक्समधली ताकद या हौसिंगपर्यंत नेणारा लोखंडी पोकळ नळा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजला त्याला नुसतं शाफ्ट किंवा जॉइंट शाफ्ट म्हणतात.

गाडी खड्ड्यात गेली की मागचं हौसिंग पाट्यांबरोबर वर-खाली होतं, गिअर बॉक्स मात्र जागेवरच असतो. म्हणून शाफ्ट दोन्ही टोकांना वाकता यावा लागतो. हे काम क्रॉस करतो. अधिक चिन्हासारखा हा लोखंडी तुकडा असतो. त्याच्या चारही टोकांवर चार कप बसतात आणि प्रत्येक कपात सुईसारख्या बारीक बेअरिंगच्या काड्या असतात. या काड्यांना ग्रीस मिळालं तर क्रॉस वर्षानुवर्षे चालतो. ग्रीस संपलं, पाणी शिरलं, की काड्या गंजतात, त्यांचा चुरा होतो आणि क्रॉसला प्ले येतो.

शाफ्ट एकच असेल तर दोन क्रॉस असतात. लांब गाड्यांना शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, तिथे साधारण तीन क्रॉस असतात आणि मधे चासीला टांगलेलं सेंटर बेअरिंग असतं. त्याच्याभोवती रबर असतं. शिवाय शाफ्टची लांबी कमी-जास्त व्हावी म्हणून एक सरकता जोड असतो, त्याला आतून दातऱ्या असतात. फोर बाय फोर गाडी असेल तर पुढच्या चाकांकडे जाणारा आणखी एक शाफ्ट असतो. तो विसरू नका.

शाफ्ट किती जोरात फिरतो याचा हिशेब करून बघा. चाकाचा घेर २ मीटर आणि हौसिंगचा रेशो ४ धरला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला चाक मिनिटाला ५०० वेळा फिरतं आणि शाफ्ट २००० वेळा. एवढ्या वेगात थोडासा प्लेसुद्धा हातोड्यासारखा आपटतो.

तुटला तर काय होतं?

सपाट रस्त्यावर तुटला तर गाडी नुसती उभी राहते. घाटात गोष्ट वेगळी आहे. राहुड घाट असो की नांदुरीहून गडावर जाणारा रस्ता, चढावर माल भरलेल्या गाडीचा शाफ्ट सुटला की इंजिन कितीही रेज करा, चाकाला ताकद मिळत नाही. गाडी मागे यायला लागते. उतारावर असाल तर गिअरमुळे मिळणारा इंजिनचा आधार गेलेला असतो, सगळा भार ब्रेकवर येतो.

अशा वेळी गिअर टाकून गाडी थांबत नाही, कारण गिअर बॉक्सचा आणि चाकांचा संबंधच तुटलेला असतो. पायाचा ब्रेक दाबून धरा, हॅण्डब्रेक ओढा आणि शेजारच्या माणसाला आधी चाकामागे मोठा दगड लावायला सांगा. मगच ब्रेकवरचा पाय काढा.

दुसरा धोका पुढच्या टोकाचा. शाफ्टचं पुढचं टोक सुटलं तर ते रस्त्यावर पडतं, खड्ड्यात रुततं आणि चालत्या गाडीला खालून उचलू शकतं. फिरणाऱ्या तुकड्याचा फटका ब्रेकच्या पाइपला किंवा टाकीला बसू शकतो. म्हणून बऱ्याच ट्रक, बसला शाफ्टखाली लोखंडी पट्टी असते. ती खडखड करते म्हणून काढून टाकू नका, नट घट्ट करून घ्या.

आवाज ओळखा

१) गिअर टाकून क्लच सोडताना, किंवा पहिल्या गिअरमधून रिव्हर्सला जाताना खालून "टक्" किंवा "ठण्ण" आवाज : क्रॉसला प्ले असण्याची शक्यता मोठी. सरकत्या जोडाच्या दातऱ्या झिजल्या तरी असाच आवाज येतो. हौसिंगमध्येही थोडा प्ले असतोच, त्यामुळे खाली जाऊन हाताने तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

२) सावकाश चालताना "चिक-चिक-चिक", चिमणीसारखा, वेगाबरोबर वाढणारा आवाज : क्रॉस कोरडा पडलाय. ही सगळ्यात पहिली खूण. इथेच ग्रीस मारलं तर क्रॉस वाचू शकतो. ग्रीस मारूनही आवाज परत आला तर काड्या खराब झाल्यात असं समजा.

३) ठरावीक वेगाला गाडी थरथरते, सीटखाली आणि फ्लोअरला जाणवते : शाफ्टचा बॅलन्स गेला, शाफ्टला पोचा आला, सेंटर बेअरिंगचं रबर फाटलं किंवा क्रॉस ढिला झाला. स्टिअरिंगमध्येच थरथर असेल तर मात्र आधी पुढच्या चाकांचा बॅलन्स बघा.

४) गाडीच्या मध्यातून घरघर, वेग वाढला की वाढणारी : सेंटर बेअरिंगकडे बोट जातं.

५) गाडी जागेवरून उचलताना हादरा बसतो : सेंटर बेअरिंगचं रबर, सरकता जोड किंवा क्लच. मिस्त्रीला दाखवा.

६) आवाज नाही, पण कपाच्या कडेला लालसर तांबूस भुकटी दिसते : आत गंज सुरू झालाय. आवाज नसला तरी हा क्रॉस फार दिवसांचा सोबती नाही.

खाली जाण्याआधी हे करा

गाडीखाली काम करताना माणूस दबल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. हा भाग वगळून पुढे जाऊ नका.

- गाडी सपाट, कडक जागेवर लावा. कोबा किंवा खडीचा कडक रस्ता चांगला. नांगरलेल्या रानाच्या कडेला, उतारावर किंवा ओल्या काळ्या मातीत नको.
- माल उतरवलेला असावा.
- इंजिन बंद, चावी काढून खिशात. पोरांच्या हाती चावी नको. नाद म्हणून कोणी स्टार्टर मारला तर खाली हात असलेल्या माणसाचं काय होईल याचा विचार करा.
- हॅण्डब्रेक ओढा आणि पुढच्या-मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा.
- इंजिन, सायलेन्सर थंड होऊ द्या. सायलेन्सरचा पाइप शाफ्टच्या शेजारूनच जातो.
- उपरणं, मफलर, लोंबता शर्ट, हातातलं कडं काढून ठेवा.

पिकअप, बोलेरोला खाली जागा भरपूर असते. बारदान अंथरून सरकलं की जॅकशिवाय काम होतं, आणि तेच सुरक्षित आहे. जॅक लावलाच तर नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. घोडी, म्हणजे स्टॅण्ड, लावलाच पाहिजे. विटा रचून आधार देऊ नका, वीट एका झटक्यात फुटते.

बऱ्याच जणांना माहीत नसलेली एक गोष्ट. मागचं एकच चाक जॅकवर उचललं की गाडी गिअरमध्ये असली तरी थांबून राहीलच याची खात्री नसते. हौसिंगमधल्या यंत्रणेमुळे उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक त्याबरोबर सरकू शकतं. म्हणून ठोकळे लावल्याशिवाय चाक उचलायचं नाही.

तपासणी : १५ मिनिटांचं काम

लागणारं सामान : टॉर्च, वायर ब्रश, जुनं फडकं, टॉमी किंवा मोठा स्क्रू ड्रायव्हर, रिंग पान्यांचा सेट.

पहिलं, स्वच्छता. शाफ्टवर चिकटलेला चिखल काढा. सुकलेला चिखल एका बाजूला राहिला तरी शाफ्टचा बॅलन्स बिघडतो आणि गाडी थरथरते. शेतातून ये-जा असेल तर सुतळी, ठिबकची नळी, नायलॉनची दोरी, तार शाफ्टला गुंडाळलेली सापडते. ती कापून काढा, नाही तर क्रॉसचं आणि हौसिंगचं सील फाटतं. साफ करताना शाफ्टवर पत्र्याचे छोटे चौकोनी तुकडे वेल्डिंग केलेले दिसतील. ते बॅलन्ससाठी असतात. कचरा समजून छिन्नीने उडवू नका.

दुसरं, नजर. शाफ्टवर पोचा, चीर, वाक आहे का बघा. कपाच्या तोंडाशी तांबूस भुकटी, फाटलेलं सील, निघालेला सर्क्लिप आहे का बघा. दोन्ही टोकांना ऑइल गळतंय का तेही बघा. हौसिंगच्या तोंडाशी ओलं ऑइल दिसलं तर सील गेलंय.

तिसरं, हाताने प्ले. गाडी न्यूट्रल करा, हॅण्डब्रेक आणि ठोकळे तसेच राहू द्या. एका हाताने क्रॉसच्या अलीकडचा भाग धरा, दुसऱ्या हाताने पलीकडचा. दोन्ही हात एकमेकांच्या उलट दिशेने पिळा. मग वर-खाली हलवा. क्रॉसच्या जागी हाताला थोडीही खटखट जाणवली तर तो क्रॉस गेला. नुसता शाफ्ट धरून फिरवला तर गिअर आणि क्राऊन-पिनियनमधला थोडा प्ले जाणवतोच, त्याला घाबरू नका. म्हणूनच क्रॉसच्या दोन्ही बाजू धरायच्या. हाताने कळलं नाही तर क्रॉसच्या फटीत टॉमी घालून हलकेच दाबून बघा.

चौथं, सेंटर बेअरिंग. शाफ्ट त्याच्याजवळ धरून वर ढकला. रबर थोडं दबणार, ते बरोबर आहे. पण रबराला भेगा, फाटलेला भाग किंवा बेअरिंग रबरात सैल दिसलं तर बदलायला झालं.

पाचवं, बोल्ट. दोन्ही टोकांचे फ्लँजचे नट-बोल्ट पाना लावून बघा. एखादा सैल असेल तर सगळेच तपासा. एक हरवला असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालून वेळ मारून नेऊ नका. हे बोल्ट जास्त ताकदीचे असतात, डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो. जुना होता त्याच मापाचा, त्याच आकड्याचा बोल्ट घ्या.

ग्रीस कसं मारायचं?

कोणतं ग्रीस : बहुतेक गाड्यांना लिथियम बेसचं, ईपी प्रकारातलं, २ नंबरचं ग्रीस चालतं. डब्यावर "ईपी २" लिहिलेलं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळं सांगितलं असेल तर तेच वापरा. मोटारीच्या पंपाला किंवा बैलगाडीला लावायचं साधं स्वस्त ग्रीस इथे टिकत नाही. दोन जातींची ग्रीस एकत्र मिसळू नका, काही एकमेकांत मिसळली की पातळ होऊन गळून जातात. डबा झाकून ठेवा. डब्यात धूळ गेली तर तीच सुई बेअरिंगला घासणार.

पायऱ्या :

१) निपल शोधा. तो क्रॉसच्या मधोमध किंवा एखाद्या कपावर असतो. वर किंवा अडचणीत असेल तर खालून बाहेर या, ठोकळे काढा, गाडी न्यूट्रलमध्ये थोडी पुढे ढकला, पुन्हा ठोकळे लावा आणि मग खाली जा. कोणी गाडीखाली असताना गाडी ढकलायची नाही.

२) निपल फडक्याने पुसा. न पुसता गन लावली तर निपलवरची माती ग्रीसबरोबर थेट आत जाते.

३) गनचं तोंड सरळ दाबून बसवा आणि सावकाश पंप मारा.

४) चारही कपांच्या सीलमधून नवं ग्रीस थोडं बाहेर येईपर्यंत मारा. किती पंप हे मोजू नका, चार कपांकडे बघा. तीन कपांतून ग्रीस आलं आणि चौथा कोरडाच राहिला तर तो चौथा कपच पुढे खराब होणार. अशा वेळी शाफ्ट हाताने इकडे-तिकडे हलवत पुन्हा पंप मारा. तरीही येत नसेल तर मिस्त्रीला दाखवा.

५) बाहेर येणाऱ्या जुन्या ग्रीसचा रंग बघा. काळं असेल तर ठीक. दुधासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय, स्वच्छ ग्रीस येईपर्यंत मारा. तांबूस आणि बोटाला खरखरीत लागलं तर तो क्रॉस बदलायचाच.

६) सरकत्या जोडालाही बऱ्याच गाड्यांत निपल असतो, पुष्कळ जण तो विसरतात. काही शाफ्टला या जोडाच्या टोकाला बारीक भोक असतं. तिथून ग्रीस आलं की भोकावर बोट दाबून धरा आणि दुसऱ्या टोकाच्या सीलमधून ग्रीस दिसेपर्यंत आणखी थोडे पंप मारा.

७) बाहेर आलेलं ग्रीस पुसून घ्या. तसंच ठेवलं तर धूळ चिकटते.

निपलमध्ये ग्रीस जात नसेल तर तो चोंदलाय. त्यावर हातोडी मारू नका, पान्याने काढून नवा बसवा. निपल किरकोळ किमतीत मिळतो.

काही गाड्यांच्या क्रॉसला निपलच नसतो. तो कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेला असतो. त्याला भोक पाडून ग्रीस भरायच्या भानगडीत पडू नका. तो फक्त तपासायचा आणि प्ले आला की बदलायचा. सेंटर बेअरिंगही बहुतेक गाड्यांत असंच बंद असतं.

कधी मारायचं?

गाडीच्या पुस्तकातला आकडा हा पहिला नियम. पण तो आकडा चांगल्या रस्त्यावरच्या वापराचा असतो. आपल्याकडे शिवाररस्ता, ओढा, चिखल आणि वर पूर्ण लोड. त्यामुळे लोडिंगच्या पिकअपला दर ५००० किलोमीटरला किंवा महिन्या-दोन महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, गन लावलेली बरी. घरच्या वापराच्या बोलेरो, स्कॉर्पिओला दर सर्व्हिसिंगला चालतं.

दोन वेळा मात्र किलोमीटर मोजत बसू नका. एक, गाडी हौसिंग बुडेल इतक्या पाण्यातून गेली तर. दुसरी, वॉशिंग सेंटरवर खालून जोराच्या पाण्याने धुतली तर. तो फवारा सीलमधून पाणी आत ढकलतो. धुणं आधी, ग्रीस नंतर, हा क्रम लक्षात ठेवा.

पुढच्या चाकावर चालणारी गाडी असेल तर?

ब्रेझा, क्रेटा, अर्टिगा अशा गाड्यांना हा लांब शाफ्ट नसतो. इंजिनपासून पुढच्या दोन चाकांकडे दोन आखूड एक्सेल जातात. त्यांच्या जॉइंटवर अकॉर्डियनसारखं घड्यांचं रबरी बूट असतं आणि ग्रीस त्याच्या आत भरलेलं असतं. इथे गन लावायची नसते, बूट तपासायचं असतं.

स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून इंजिन बंद करा आणि चाकामागे टॉर्च मारा. बुटाला चीर, क्लिप निघालेली, किंवा रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर लगेच बूट बदला. या वेळी नुसत्या बुटावर आणि ग्रीसवर काम भागतं. महिनाभर तसंच चालवलं तर माती आत जाऊन जॉइंट खराब होतो. पूर्ण वळण घेताना "कट-कट-कट" आवाज आला म्हणजे उशीर झालाय.

क्रॉस बदलायचा असेल तर

ज्याला पाने चालवायची सवय आहे त्याला हे काम जमतं. पण पहिल्यांदा करत असाल तर जाणकार माणूस सोबत असू द्या.

सगळ्यात आधी एक धोका : शाफ्ट काढला की गाडी गिअरमध्ये टाकून उभी राहत नाही. जुन्या जीपगाड्यांत तर हॅण्डब्रेकही गिअर बॉक्सच्या मागच्या ड्रमवर असतो. म्हणजे शाफ्ट काढला की हॅण्डब्रेकही गेला. चारही चाकांना ठोकळे पक्के असल्याशिवाय शेवटचा बोल्ट काढायचा नाही.

खोलण्याआधी फ्लँज आणि शाफ्ट दोन्हीवर ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढा. सरकत्या जोडावरही रेघ ओढा. बसवताना रेघेला रेघ जुळली पाहिजे. एकाच शाफ्टच्या दोन टोकांचे फाटे एका रेषेत असावे लागतात. सरकता जोड दोन-चार दातऱ्यांनी इकडे-तिकडे बसला तर सगळं नवं टाकूनही गाडी थरथरते. काही शाफ्टवर यासाठी बाणाची खूण असतेच.

शाफ्ट एका बाजूने सोडून दुसऱ्या बाजूला लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. ईकोसारख्या गाड्यांत शाफ्टचं पुढचं टोक थेट गिअर बॉक्समध्ये सरकलेलं असतं. ते ओढलं की तिथून ऑइल सांडतं, खाली भांडं ठेवा आणि नंतर ऑइलची पातळी बघा.

नवा क्रॉस बसवताना कपातल्या सगळ्या काड्या उभ्या आहेत ना, हे बघा. एखादी काडी आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप बसत नाही. अशा वेळी जोरात हातोडी मारली तर नवा क्रॉस तिथेच संपला. कप बाहेर काढा, काडी उभी करा, पुन्हा बसवा. चारही सर्क्लिप खाचेत पूर्ण बसले पाहिजेत. शेवटी क्रॉस हाताने चारही दिशांना हलवून बघा, तो कुठेही न अडकता फिरला पाहिजे.

हे मिस्त्रीवर, लेथवर सोडा

शाफ्टचा बॅलन्स, वाकलेला शाफ्ट सरळ करणे, नळा बदलणे ही कामं शाफ्टचं काम करणाऱ्या वर्कशॉपमध्येच करा. चीर गेलेल्या शाफ्टला गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात टाका मारून लोड भरू नका. सर्क्लिपची खाच झिजली म्हणून कप वेल्डिंगने चिकटवणारे आहेत. तसं करू नका, तो फाटाच बदलावा लागतो.

आणखी एक. जास्त माल भरता यावा म्हणून मागे पाटे वाढवले की गाडीची मागची बाजू उचलते आणि शाफ्टचा कोन बदलतो. त्यानंतर थरथर सुरू झाली, क्रॉस लवकर जायला लागले, तर कारण तिथेच शोधा. चिखलात रुतल्यावर रेज वाढवून क्लच सटकन सोडणं हेही क्रॉस तोडायचं हमखास कारण आहे. गरगर फिरणाऱ्या चाकाला अचानक दगड लागला की सगळा झटका शाफ्टवर येतो. माल उतरवा, चाकाखाली दगड, पाचट टाका, सावकाश काढा. थार, स्कॉर्पिओच्या फोर बाय फोरवाल्यांनी डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून पळवू नये, त्याने दोन्ही शाफ्टवर ताण येतो.

रोटाव्हेटरचा शाफ्टही तसाच

ट्रॅक्टरच्या पीटीओपासून रोटाव्हेटरला जाणाऱ्या शाफ्टमध्येही असेच दोन क्रॉस आणि सरकता जोड असतो. चालू रानात धूळ जास्त, म्हणून रोज काम सुरू करण्याआधी, साधारण ८ तासांच्या कामाला एकदा ग्रीस मारा. ट्रॅक्टर बंद केल्याशिवाय हात लावू नका. पीटीओ मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. धोतराचा, साडीचा, ओढणीचा कोपरा अडकला तर ओढून घ्यायलाही वेळ मिळत नाही. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं असेल तर ते आधी बसवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्ले आलेल्या क्रॉसला जास्त ग्रीस मारून चालेल का?
नाही. दोन दिवस आवाज दबेल, झीज भरून निघत नाही. उलट आवाज बंद झाला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि घाटात फसतो.

एकच क्रॉस गेला तर दोन्ही बदलायचे का?
दुसऱ्याला प्ले नसेल तर सक्ती नाही. पण दोन्ही एकाच वेळचे असतील आणि शाफ्ट खाली उतरवलाच असेल, तर दोन्ही बदलल्याने मजुरी एकदाच लागते.

शाफ्टला काळा कोटिंगचा स्प्रे मारू का?
चासीला मारा, शाफ्टला नको. थर कमी-जास्त बसला की बॅलन्स बिघडतो. निपलही बुजतो.

ग्रीस मारूनही थरथर गेली नाही, मग?
गुंडाळलेली दोरी, चिखल, सेंटर बेअरिंग, बोल्ट, खुणेची रेघ या क्रमाने बघा. सगळं ठीक असेल तर शाफ्ट बॅलन्सला न्या.

लक्षात ठेवायचं वेळापत्रक

- रोज : गाडी उचलताना टक्, चिक-चिक आवाज येतो का, कान ठेवा.
- लोडिंगची फेरी निघण्याआधी : शाफ्टला दोरी-तार नाही ना, बोल्ट जागेवर आहेत ना, एक नजर.
- दर ५००० किलोमीटर किंवा महिना-दोन महिन्यांनी : पूर्ण तपासणी आणि ग्रीस.
- पाण्यातून गेल्यावर, धुतल्यावर : लगेच ग्रीस.
- पावसाळ्याच्या आधी आणि नंतर : सेंटर बेअरिंगचं रबर, हौसिंगचं सील, एक्सेलचे बूट.

ग्रीस मारलं त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा आणि तारीख ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. गाडी घरातला कोणीही चालवत असला तरी पुढचं ग्रीस कधी, हे दार उघडताच कळेल.